सापाच्या पेटीतील तळाचा थर

बीड जिल्ह्यात उत्तरेस गोदावरीकाठची काळी जमीन आहे, तर दक्षिणेकडे बालाघाटच्या डोंगररांगांचा मुरमाड भाग पसरलेला आहे. जमिनीच्या या भेदाप्रमाणे सापांच्या सवयीही भिन्न आहेत. मांडूळ भुसभुशीत मातीत शिरून राहते, फुरसे खडकाळ माळावर दगडांच्या आडोशास असते, तर दिवड पाणवठ्याजवळ वावरतो. जखमी साप उपचारासाठी काही दिवस पेटीत ठेवावा लागतो. त्या वेळी पेटीच्या तळाशी काय पसरावे हे ठरविताना या सवयी ध्यानात घेणे अगत्याचे असते.

प्रथम कायद्याची मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी साप पकडून घरी किंवा शाळेत बाळगण्यास मनाई आहे. पेटीचा प्रश्न उद्भवतो तो वन विभागाच्या देखरेखीखालील उपचारकेंद्रातच. शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ हे अशा प्रकारचे केंद्र आहे.

जखमी सापासाठी जुने वर्तमानपत्र किंवा कोरा कागद हा सर्वांत सोयीचा थर होय. त्यावर रक्त, विष्ठा व गोचिडी तत्काळ दिसतात, जखमेत धूळ जात नाही आणि घाण झालेला कागद लगेच बदलता येतो. मात्र कागदावर सापास दडता येत नाही. म्हणून उपडे मडके किंवा खोके ठेवून आडोसा करावा. उघड्यावर राहिलेला साप सतत भेदरलेला असतो व पुष्कळदा अन्न घेत नाही.

मांडुळाची गोष्ट वेगळी. जखम भरल्यावर त्यास उन्हात वाळवून चाळलेली माती द्यावी. शरीर पूर्ण झाकले जाईल इतका तिचा थर जाड असावा. लाकडाचा बारीक भुसा टाळावा. त्याची धूळ श्वासावाटे आत जाते आणि भक्ष्यास चिकटलेले कण पोटात जातात. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा तर अपायकारकच असतो.

ओलाव्याबाबत नेहमी चूक होते. दिवड पाण्याजवळ राहतो म्हणून त्याची पेटी ओली ठेवली जाते. परंतु सतत ओल्या थरावर पडून राहिल्यास पोटाकडील खवल्यांवर फोड येतात व ते कुजू लागतात. तळ कोरडा ठेवून पाण्याचे पसरट भांडे ठेवणे हाच योग्य मार्ग होय. उलटपक्षी, हवा फारच कोरडी असल्यास कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

गावात साप आढळल्यास तो बरणीत कोंडून विद्यार्थ्यांस दाखविण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. सरपंच व ग्रामसेवकांनी वन विभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा. मांडुळाविषयीच्या गुप्तधनाच्या खुळचट कल्पनांमुळे त्याची चोरटी विक्री होते. तिची माहिती पोलिसांस किंवा वन विभागास देणे हेही ग्रामस्थांचे कर्तव्य आहे.

पेटीतील थर कितीही काळजीपूर्वक निवडला, तरी तो तात्पुरताच होय. साप बरा होताच त्याला त्याच्या मूळ परिसरात सोडणे, हाच त्या साऱ्या काळजीचा हेतू आहे.