‘विसरून जा’ म्हणू नका

अपघात, मारहाण किंवा आपत्तीतून वाचलेल्या माणसाला घरचे हमखास सांगतात, ‘झालं गेलं विसरून जा.’ हेतू चांगला, पण सल्ला चुकीचा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला, तेव्हा माणसं झोपेत होती. ज्यांना हादऱ्यानेच जाग आली, त्यांच्या अंगाला धोका आधी कळला, मनाला नंतर. अशी आठवण अंगातच मुरते. म्हणून पुढे कधी नुसतं दार आपटलं तरी विचार सुरू होण्याआधीच छाती धडधडते, तळहात घामेजतात, खांदे आखडतात. मग ईसीजी होतो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकून रुग्ण स्वतःलाच दुबळा समजू लागतो. तुम्ही दुबळे नाही. धोका टळूनही मेंदूची धोक्याची घंटा वाजत राहिली आहे, एवढंच.

ती घंटा हुकूम देऊन थांबत नाही. शरीराच्या खुणा ओळखायला शिकणं, हा बरं होण्याचा महत्त्वाचा भाग आहे. धडधड सुरू झाली की डोळे उघडे ठेवून दोन्ही पाय जमिनीला टेकवा, तळव्यांना फरशीचा गारवा जाणवू द्या आणि श्वास सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून तो लांबवायचा. मग मनात म्हणा, ‘ही भीती आहे, आणि मी आत्ता घरी आहे.’ २०१४ मध्ये अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने ६४ स्त्रियांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुना आघात आणि उपचारांना दाद न देणारी लक्षणं असलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे योग शिकवला. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के स्त्रिया आघातानंतरच्या तणावाच्या आजाराच्या (पीटीएसडी) निकषांबाहेर आल्या, तुलनेच्या गटातल्या २१ टक्के. अभ्यास छोटा आहे, पण दिशा दाखवणारा आहे.

‘शरीराकडे लक्ष दिलं तर भीती वाढेल,’ ही शंका रास्त आहे. काहींची खरोखर वाढते. अशांनी डोळे मिटून तासभर ध्यान करू नये. छातीऐवजी हातापायांपासून, अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करावी आणि घाबरायला झालं तर थांबावं. ‘मग योगच करतो, डॉक्टर कशाला?’ हेही चूक. आघातावर केंद्रित मानसोपचारांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. योग त्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. सात दिवसांत ‘शरीरात साठलेला आघात बाहेर काढून’ देणाऱ्या व्हिडिओंपासून तर चार हात लांबच राहा. आघात म्हणजे उपटून टाकायचा काटा नव्हे. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्याही आणू नका. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या मानसिक त्रासावर बेन्झोडायझेपिन गटातली झोपेची, शामक औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे.

छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर ती भीतीच आहे असं स्वतः ठरवू नका, थेट रुग्णालय गाठा. दुःस्वप्नं, दचकणं, ठरावीक जागा किंवा माणसं टाळणं महिन्याहून अधिक टिकलं, अंग बधिर वाटू लागलं किंवा दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. आणि घरच्यांनो, ‘विसर’ म्हणण्याऐवजी शेजारी बसून विचारा, ‘आत्ता अंगात काय होतंय?’ उत्तर येईपर्यंत थांबा. घाई करू नका.