हातात जोर नाही म्हणून नव्हे

परवा तुझ्या ओम्नीतून डबे पोचवायला तुझ्यासोबत आले, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. सिग्नल सुटला की पहिला गिअर टाकताना तू खांदा पुढे घालत होतीस. दुसऱ्याला तर सीटवरून अर्धी उठत होतीस. आणि वर मलाच म्हणालीस, "ताई, माझ्या हातात जोरच नाही गं."

अगं, हेच वाक्य मी दोन वर्षं स्वतःला ऐकवलं आहे. म्हणून आज जेवणं उरकून तुला लिहायला बसले.

माझी जुनी व्हॅन नाशिकच्या थंडीत सकाळी अशीच अडून बसायची. गॅरेजवाल्याला दाखवली, तर तो म्हणाला, लेडीज हाताला जड जाणारच, आणि फारच वाटत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी गप्प घरी आले. संध्याकाळी मनगटाला तेल चोळायचे. शेवटी शाळेची मुलं नेणारे शेजारचे एक काका गाडीखाली आडवे झाले आणि मला म्हणाले, "पोरी, इकडे बघ." क्लचची केबल होती. टोकाशी तिच्या तारा एकेक करून तुटल्या होत्या, झाडूच्या काड्यांसारख्या फुलल्या होत्या. मी पायडल तळापर्यंत दाबत होते, पण त्यातली निम्मी ओढ तिथेच विरत होती. केबल बदलली आणि दुसऱ्या दिवशी गिअर दोन बोटांनी पडला. मला रडूच आलं. दोन वर्षं मी उगीच स्वतःला दोष देत होते.

तर पहिलं हे मनात पक्कं कर. धडधाकट गाडीचा गिअर पडायला ताकद लागत नाही. लागत असेल तर दोष गाडीत आहे आणि तो शोधता येतो.

तो शोधायला गॅरेजही लागत नाही, निदान सुरुवातीला. उद्या सकाळी सपाट जागी हँडब्रेक ओढ, चाकांना पुढून-मागून विटा लाव आणि इंजिन बंद ठेवून क्लच दाबून चारही गिअर टाक, रिव्हर्सही. एखादा नीट बसला नाही तर क्लच सोडून पुन्हा दाब आणि मग टाक. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की अडतात, असं झालं तर गिअरबॉक्सला दोष देऊ नकोस. क्लच पूर्ण सुटत नाहीये. खात्री करायची असेल तर इंजिन चालू करून क्लच तळापर्यंत दाब, तीन-चार सेकंद थांब आणि हलकेच रिव्हर्सकडे ने. ‘कर्र’ आवाज आला, की क्लच अजून धरून आहे हे समज.

ओम्नीचा क्लच केबलवर चालतो. केबल ताणली जाते, तसं पायडल वरच्या वर पोकळ हलायला लागतं. गाडीखाली केबलचं टोक जिथे क्लचच्या लिव्हरला जोडलेलं असतं तिथे नट असतो, तो फिरवून हा ढिलेपणा कमी करता येतो. पण अजिबात प्ले न ठेवता आवळू नकोस. तसं केलंस तर क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहील, चढावर इंजिन नुसतंच ओरडेल, गाडी पुढे सरकणार नाही आणि प्लेट जळेल. थोडा प्ले हवाच. नट संपत आला असेल किंवा तारा तुटलेल्या दिसल्या, तर जुळवत बसू नकोस, नवी केबल घाल. केबल नवी असूनही क्लच सुटत नसेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बघायची वेळ आली. ते काम मात्र गॅरेजचंच.

आता दुसरी शक्यता. इंजिन बंद असतानाही दांडा जड लागला, तर क्लचचा विचार सोड आणि दांड्याकडे बघ. ओम्नीचं इंजिन आपल्या सीटखाली आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे, त्यामुळे दांडा थेट आत शिरत नाही, मधल्या जोडणीतून काम करतो. त्या सांध्यांवर छोटे बुश असतात. ही गाडी 1984 मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली, पुढे तिची ओम्नी झाली, आणि 2019 मध्ये ती बनणं बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात नवी ओम्नीसुद्धा वयानं वाढली आहे, आणि वयानुसार आधी झिजतात ते हे बुश. माझ्या व्हॅनमधला काढला तेव्हा त्याचं गोल भोक लांबुडकं झालेलं, आत काळी माती आणि सुकलेलं ग्रीस घट्ट बसलेलं. दांडा एकीकडे ढिला आणि दुसरीकडे अडलेला, असं एकाच वेळी वाटत असेल तर हेच कारण असणार. पुण्यात नाना पेठेत गेलीस तर बुशचा संच मिळेल. गिअरबॉक्स उतरवण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. इंजिनाचे खालचे रबर बसले असतील तरी जोडणी वाकडी होते, तेही बघायला सांग.

फक्त सकाळी थंड गाडीत जड आणि दहा मिनिटांनी मोकळा, असं असेल तर ऑइलकडे बघ. इथे एक चूक फार होते. दुकानात नुसतं ‘गिअर ऑइल’ मागितलं की समोर असेल तो डबा हातात पडतो. गिअरबॉक्सला जीएल-4 लागतं, तर मागच्या डिफरन्शियलला जीएल-5. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कुठल्या जागी काय ते दिलेलं असतं, ते फोनमध्ये फोटो काढून ठेव. जीएल-5 मधली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. आणि ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग उघडून घे, मगच खालचा. वरचा गंजून अडकला असेल आणि खालून ऑइल सांडून मोकळी झालीस, तर गाडी जागची हलणार नाही.

सांडलेलं ऑइल बोटावर घेऊन उन्हात बघ. बारीक सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजताहेत. फक्त दुसरा गिअर घासत असेल आणि बाकीचे ठीक असतील, तर रोग त्याच रिंगेत आहे. तेवढ्यासाठी मात्र गिअरबॉक्स खरंच उघडावा लागतो, तिथे कंजूषी करू नकोस. तोवर दुहेरी क्लच कर: दाबून न्यूट्रल, सोड, पुन्हा दाबून गिअर. रिंगेला तेवढाच आराम.

गाडीखाली जाशील तेव्हा नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही हं. खाली पक्की घोडी हवी. आणि कुणीतरी सोबत असू दे.

एक गोष्ट मात्र तुला रागावूनच सांगते. दांड्यावर हात ठेवून चालवू नकोस, आतला फोर्क सतत दाबला जातो. क्लचवर पाय ठेवून तर मुळीच नको. आणि अडलेला गिअर ठोकून टाकू नकोस. तू ज्या जोरानं टाकतेस ना, त्यानं बुशचं दुखणं दातांपर्यंत पोचतं.

गॅरेजात जाशील तेव्हा ‘गिअर जड आहे’ एवढंच म्हणू नकोस. ‘इंजिन बंद असताना पडतो, चालू असताना अडतो’ असं सांग. समोरचा माणूस लगेच नीट बोलायला लागतो, हे मी अनुभवलं आहे. बदललेले जुने पार्ट मागून घे, घरी आणून नीट बघ.

उद्या डबे भरण्याआधी इंजिन बंद ठेवून चारही गिअर टाकून बघ आणि काय आढळलं ते संध्याकाळी मला फोन करून सांग. मी वाट बघते.