खाऱ्या पाण्याचे गाव

महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचे गाव आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवराच्या काठावर ते वसले आहे. विवराच्या तळाशी सरोवर आहे. परंतु त्याचे पाणी इतके खारे की ते ना माणसाला पिता येते, ना पिकाला देता येते. अशा पाण्याशेजारी वस्ती कशी झाली असेल?

याचे एक उत्तर विवराच्या कडेवरील झऱ्यात सापडते. ‘धार’ नावाचा हा गोड्या पाण्याचा झरा गोमुखातून बारमाही वाहतो. लोकांनी त्याला तीर्थ मानले. विष्णूने लवणासुर नावाच्या दैत्याचा येथे वध केला, अशी कथा रूढ झाली. तिची आठवण सांगणारे दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर गावात आजही उभे आहे. यात्रेकरू आले आणि त्यांच्यामागोमाग बाजारही आला असावा.

दुसरे उत्तर खुद्द खाऱ्या पाण्यातच आहे. सरोवरात पावसाचे व झऱ्यांचे पाणी येते, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. उन्हाळ्यात पाणी आटत जाते आणि उघड्या पडलेल्या काठावर क्षारांचा पांढरा थर धरतो. हाच खार गोळा करून विकणे हा लोणारचा जुना उद्योग होता. गावकऱ्यांना त्याचे बारकावे ठाऊक होते. प्रतीप्रमाणे खाराला डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे होती. निरुपयोगी वस्तूला कोणी इतकी नावे देत नाही! अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त या स्थानाची नोंद केली. ब्राह्मण यास ‘विष्णुगया’ म्हणतात हे त्याने सांगितले. त्याचबरोबर येथे काच व साबण बनविण्याचे साहित्य मिळते आणि क्षारांपासून बराच महसूल येतो, हेही लिहून ठेवले. एकाच गावाकडे भाविकाची व कारभाऱ्याची नजर कशी निरनिराळी पडते, ते येथे दिसते.

पुढे कारखान्यांत स्वस्त सोडा तयार होऊ लागला आणि हा व्यापार मागे पडला. विवराच्या उतारावर झऱ्यांच्या पाण्यावर लोक केळी, पपई पिकवीत. २००० साली सरोवराचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाल्यावर या शेतीवरही बंधने आली. निसर्ग राखणे आवश्यकच होते. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली, ते कसणारे हात गावातलेच होते. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले. अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

आता पर्यटक व संशोधक येतात, नवरात्रात काठावरील कमळजादेवीची यात्रा भरते. उन्हाळ्यात चिखलावर पांढरी पापडी धरली, तरी ती खरवडून विकायला नेण्याचे दिवस मात्र सरले आहेत.