पॅनेलला हात लावण्याआधी

अगं, कोल्ड स्टोरेजमधल्या नेटवर्कचं पॅनेल बसवायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, तेही तासगावात, तेही ऐन बेदाण्याच्या हंगामात! ऐकून आधी आनंद झाला आणि मागोमाग काळजी वाटली. तुला हे येईल का, याची काळजी नाही गं. ते तुला येणारच. काळजी आहे ती तुझ्याभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांच्या घाईची.

बघ, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तिकडे काय चालतं ते तुला मी सांगायला नको. शेडवरचा माल उतरतो, बाजार समितीत सौदे निघतात आणि उरलेला माल कोल्ड स्टोरेजच्या दारात येतो. अशा वेळी कुणीतरी म्हणणारच, "मॅडम, पाच मिनिटांचं काम हाय, चालू लाईनीतच लावा की." तिथं तू "नाही, आधी बंद करू" म्हणालीस की अर्धं काम सुरक्षित झालं. बाकीचं ओळीनं सांगते, बस जरा माझ्याजवळ.

आधी पॅनेलमधल्या त्या खोक्याची भीती घालवू. नेटवर्कचा मॉड्युलर स्विच म्हणजे आपला मिसळणाचा डबा समज. डबा एक, आत वाट्या हव्या तशा. मुख्य पेटी एकदा बसवायची आणि गरजेप्रमाणे तांब्याच्या केबलची, फायबरची किंवा पॉवरची मॉड्यूलं त्यात सरकवायची. कॉम्प्रेसरचा पीएलसी, खोल्यांचे तापमान सेन्सर, ऑफिसातला स्काडाचा संगणक, सगळ्यांचं बोलणं याच पेटीतून जातं. म्हणून पहिला प्रश्न विजेचा नाही. पहिला प्रश्न ऑपरेटरला विचारायचा: "मामा, ही पेटी बंद झाली तर काय काय थांबतं?" कॉम्प्रेसर आपापल्या पीएलसीवर चालत राहतील की बंद पडतील? तापमान वाढल्याचा अलार्म कुठं वाजेल? आत कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा माल असतो गं. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, त्या नावाची राखण अशा साध्या प्रश्नांनी होते. उत्तरं मिळाली की शटडाऊनची वेळ लेखी घे, आणि तेवढ्या वेळात खोल्यांचं तापमान हातानं नोंदवायला एक माणूस माग.

आता जागा. डिन रेलवर बसणाऱ्या बहुतेक स्विचच्या अंगावर आयपी ३० लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की बोट आत जाणार नाही, पण धूळ आणि पाणी खुशाल जाईल. म्हणून तो बंद, गॅस्केटवाल्या पॅनेलमध्येच हवा. केबल आत येते तिथं ग्लँड घट्ट लाव, मोकळं भोक ठेवू नकोस. उंदराला तेवढंच पुरतं.

तुमच्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो पुस्तकात पटकन सापडत नाही. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात ना? तो वायू ओलाव्याबरोबर मिळून तांब्याच्या तारा आणि जोडण्या खात सुटतो. आणि अमोनियावर चालणारं कोल्ड स्टोरेज असेल तर अमोनियाचंही तांब्या-पितळेशी वाकडं. जुनं पॅनेल उघडशील तेव्हा केबलचं टोक नीट बघ. तांब्याची तार लालसर चमकती असेल तर जागा बरी आहे. काळपट किंवा हिरवट पडली असेल, हाताला पावडर लागत असेल, तर तिथं नवा स्विच लावूच नकोस. पॅनेल धुरीच्या खोलीपासून आणि प्लँट रूमपासून लांब, स्वच्छ भिंतीवर हलवायला सांग. खर्चाचं नाव काढतील, काढू दे. सर्किटवर संरक्षक लेप दिलेली आवृत्तीही मिळते, ती मागवता येते का विचार.

उन्हाचंही तसंच. एप्रिलात बाहेर चाळीस अंश, त्यात पत्र्याची शेड आणि बंद पॅनेल. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं. काही स्विचची मर्यादा ६० अंश असते, काहींची ७५. डेटाशीट बघितल्याशिवाय ठरवू नकोस. मॅन्युअलमध्ये वर-खाली जेवढी मोकळी जागा सांगितलीय तेवढी सोड, मोटरच्या ड्राइव्हच्या डोक्यावर तर अजिबात बसवू नकोस, कारण ड्राइव्हची गरम हवा वरच येते. आणि थंड खोलीतून आणलेला खोका लगेच फोडू नकोस हं. पिशवी बंद ठेवून त्याला बाहेरच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर आतल्या सर्किटला घाम सुटतो.

आता मुख्य गोष्ट, नीट ऐक. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेव. गळ्यातलं असेल तर कुर्त्याच्या आत, ओढणी नकोच, वेणी मागे घट्ट. "चोवीस व्होल्टनं काय होतंय?" असं कुणी म्हणेल. चोवीस व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, हे खरं. पण सप्लायच्या दोन टोकांमध्ये धातूची बांगडी अडकली की ती क्षणात तापते आणि कातडी भाजते. शिवाय त्याच पॅनेलमध्ये त्या सप्लायला वीज देणारे २३० व्होल्ट असतात, आणि शेजारी बऱ्याचदा ४१५.

एमसीबी खाली पाड, त्याला कुलूप लाव, चावी स्वतःच्या खिशात ठेव आणि पाटी अडकव: "काम चालू आहे, चालू करू नये." खाली तुझं नाव आणि वेळ. मग थांब, कारण खरी गंमत पुढंच आहे. असल्या स्विचला बऱ्याचदा पॉवरच्या दोन वाटा असतात. एक मेनवरून, दुसरी यूपीएसवरून. एक एमसीबी पाडला तरी दुसऱ्या वाटेनं तो जिवंतच राहतो. अलार्मच्या रिलेच्या दोन तारा तर तिसऱ्याच कुठल्या तरी सर्किटवरून आलेल्या असू शकतात. तिन्ही शोध, तिन्ही बंद कर.

आणि बंद केलंय यावर विश्वास ठेवू नकोस, मीटरवर ठेव. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून बघ, तो दाखवतोय ना? मग तुझ्या टर्मिनलवर लाव, शून्य आलं पाहिजे. मग पुन्हा चालू ठिकाणी लाव. मधेच मीटरचीच बॅटरी संपली असेल तर शून्य खोटं असतं, म्हणून हा तिसरा हात. वायरमन मामा म्हणतील, "पोरी, तीनदा कशाला?" हसून घे आणि तीनदाच बघ. २३० व्होल्टच्या बाजूचं काम मात्र लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घे. त्यात कमीपणा काही नाही, नियमच तसा आहे.

काढण्याआधी जुन्या जोडणीचे फोटो घे आणि प्रत्येक केबलला चिठ्ठी लाव. मग जोडणीला हात घाल. जोडताना अर्थिंग सगळ्यात आधी, काढताना सगळ्यात शेवटी. स्विचच्या अंगावर अर्थिंगचा वेगळा स्क्रू असतो, तिथून जाड हिरवी-पिवळी वायर थेट पॅनेलच्या अर्थ पट्टीवर ने. रेलला चिकटलंय म्हणजे अर्थ झालंच, असं धरून चालू नकोस. पट्टीखाली रंग असेल तर खरवडून धातू उघडा कर.

रेल ३५ मिलिमीटरची असते. स्विचच्या पाठीमागची वरची खोबण आधी रेलवर अडकव, मग खालून दाब, टक् असा आवाज येईल. आवाज आला तरी हातानं ओढून बघ. दोन्ही बाजूंना स्टॉपर लाव, म्हणजे कॉम्प्रेसरच्या थरथरीनं तो सरकणार नाही.

आता मॉड्यूलं. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांध, त्याचं दुसरं टोक अर्थला. तुमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज भरपूर साठते, तुला जाणवतही नाही आणि चिप मरते. मॉड्यूल कडेनं धर, मागच्या पिनांना बोट लावू नकोस. सरळ सरकव, अडलं तर जोर करू नकोस, बाहेर काढून पिन वाकलीय का बघ. चालू असताना मॉड्यूल बदलायची सोय काही मॉडेलांत असते, काहींत नसते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. हे मॅन्युअलमध्ये स्वतः वाच, कुणाच्या तोंडी ऐकून करू नकोस. डिस्टिलरीसारख्या ठिकाणी, जिथं पेटणारी वाफ असू शकते, तिथं तर चालू जोडणी ओढायचीच नाही. एक ठिणगी पुरते. आणि रिकाम्या खोबणीवर झाकण लावलंच पाहिजे, नाहीतर धूळ तिथूनच शिरते.

पॉवरच्या तारेला फेरूल लाव गं. उघड्या बारीक तारांचा झुपका स्क्रूखाली दाबला की एखादी तार बाहेर राहते आणि शेजारच्या टर्मिनलला टेकते. टोक सोल, फेरूल चढव, क्रिंप कर, मग ओढून बघ. टर्मिनलमध्ये घातल्यावर परत ओढून बघ. आणि स्विचमध्ये प्लग घालण्याआधी फक्त सप्लाय चालू करून प्लगच्या टोकांवर मीटर लाव. व्होल्टेज बरोबर आहे का, अधिक-उणे बरोबर आहे का? बरोबर असेल तर सप्लाय परत बंद कर आणि मग प्लग घाल.

केबलचं थोडक्यात सांगते. डेटाची केबल आणि मोटरची केबल एका ट्रेमध्ये नको. ओलांडावीच लागली तर काटकोनात. तांब्याच्या केबलची हद्द १०० मीटर. पण एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल तर अंतर कमी असलं तरी फायबरच घे. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा दोन इमारतींमधली तांब्याची केबल ती लाट थेट तुझ्या स्विचपर्यंत आणते. फायबर काचेचं, त्यातून ती येत नाही.

फायबरच्या टोकात मात्र कधीच डोकावू नकोस. त्यातला प्रकाश दिसत नाही, म्हणून तो नाही असं वाटतं, पण डोळ्याला तो इजा करू शकतो. वापरात नसलेल्या पोर्टवर टोपी ठेव, जोडण्याआधी टोक पुसून घे, आणि तुटलेले काचेचे तुकडे टेपला चिकटवून टाक. ते बोटात शिरले की सापडत नाहीत.

चालू करताना घाई नको. एक पॉवर, दिवे बघ; मग दुसरी. मग पहिली बंद करून बघ, स्विच चालू राहतो का आणि अलार्म वाजतो का. स्विच रिंगमध्ये जोडायचे असतील तर आधी सगळ्यांवर रिंगची सेटिंग कर आणि रिंग पूर्ण करणारी शेवटची केबल सगळ्यात शेवटी लाव. आधीच लावलीस तर तेच ते संदेश गोल गोल फिरून सगळं नेटवर्क बसतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदल, सेटिंग सेव्ह कर आणि त्याची प्रत बाजूला ठेव. सेव्ह केलं नाहीस तर पुढच्या वेळी वीज गेली की सगळं पुसलं जाईल, आणि वीज तर जातेच. चालू स्विचच्या अंगाला हात लावताना जपून, उन्हाळ्यात ते चांगलंच तापतं.

एक गोष्ट बोलायला नको वाटते, पण बोलते. कुणाला शॉक लागला तर त्याला धरायला धावू नकोस. आधी मेन पाड, मग हात लाव, आणि १०८ ला फोन कर. अमोनियाचा वास आला तर हत्यारं तिथंच टाक आणि बाहेर पड, वारा जिकडून येतोय त्या बाजूला. एकटीनं पॅनेलवर काम करायचं नाही, रात्री तर नाहीच. सोबत माणूस नसेल तर काम उद्यावर.

एवढं सगळं ऐकून दडपण आलं असेल, माहितेय मला. पण बघ, यातली एकही गोष्ट तुला न येणारी नाही. बंद करणं, तपासणं, अर्थिंग, मग जोडणी, या क्रमाची चिठ्ठी लिही आणि पॅनेलच्या दाराला आतून चिकटव. तिथले मामा-दादा पहिल्या दिवशी कुरकुरतील. तरी प्रत्येकाला सांग की आपण कशासाठी थांबलोय. कारण कळलं की तेच तुझ्यासाठी एमसीबीपाशी उभे राहतात.

आणि कुणीही, अगदी मालकानंसुद्धा, "चालू लाईनीतच कर" म्हटलं तर हत्यारं खाली ठेव आणि शांतपणे सांग, "बंद झाल्यावर करते." माल दुसऱ्या खोलीत हलवता येतो, शटडाऊन दुसऱ्या दिवशी घेता येतो. तुझ्या हाताला मात्र दुसरा हात नाही. जपून कर, आणि काही अडलं तर रात्री कितीही वाजता मला फोन कर.