पाण्याबरोबर मिठाचाही हिशेब

कुवेतच्या दक्षिणेला, सौदी सीमेलगत, वफ्राचे मळे आहेत. हिवाळ्यात तिथे आभाळ भरून येतं, रिमझिम सुरू होते आणि भारतातून नव्यानं आलेल्या माणसाचा हात आधी ठिबकच्या व्हॉल्व्हकडे जातो. पाऊस आला, आता पाणी कशाला? आपल्याकडची ही शहाणी सवय तिथे पिकाच्या मुळावर येते.

वफ्रातलं विहिरीचं पाणी खारं. ठिबकखाली जेवढी माती भिजते, तिच्या कडेला आणि वरच्या थरात क्षार साचत जातात. मुळांजवळ त्यातल्या त्यात बरी माती राहते. हलका पाऊस कडेचं हे मीठ विरघळवून परत मुळांशी आणतो, पण खाली धुऊन नेण्याइतका जोर त्याच्यात नसतो. म्हणून खाऱ्या पाण्यावरच्या शेतीत रिमझिम चालू असताना ठिबक सुरू ठेवावं लागतं. विहीर गोड्या पाण्याची असेल तर अर्थातच याची गरज नाही.

कुवेतमध्ये वर्षाला सरासरी 110 ते 120 मिलिमीटर पाऊस पडतो. बारमाही नदी एकही नाही. वफ्रा आणि उत्तरेच्या अब्दलीतली शेती भूजलावर उभी राहिली. उपसा वाढला तसा खारेपणाही वाढला. मग 2004 मध्ये सुलेबियाचा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला 3,75,000 घनमीटर सांडपाणी रिव्हर्स ऑस्मोसिसनं शुद्ध करण्याच्या क्षमतेनं तो बांधला होता. त्या पाण्यातले बहुतेक क्षार निघून जातात. शेतीला असं पाणी मिळणं, हा माझ्या मते तिथल्या सिंचनातला सर्वांत मोलाचा बदल.

लिटरला 4 ग्रॅम क्षार असलेलं पाणी धरा. असं हजार लिटर पाणी दिलं की 4 किलो मीठ शेतात पडलं. पीक पाणी पितं, मीठ बहुतेक मागेच राहतं. मातीच्या अर्काची ईसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, 1 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की घेवड्याचं उत्पन्न घटू लागतं, टोमॅटो 2.5 पर्यंत तग धरतो, खजूर 4 पर्यंत. तेव्हा कुठलं पीक लावायचं हे ठरवण्याआधी विहिरीचं पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्यावं. हंगाम संपल्यावर माती पुन्हा तपासावी. साचलेलं मीठ मुळांखाली ढकलायला अधूनमधून गरजेपेक्षा जास्त पाणी सोडावं लागतं. त्यासाठी खाली निचरा हवा. कुवेतमध्ये अनेक ठिकाणी वाळूखाली ‘गच’ नावाचा कठीण थर लागतो. तो न फोडता पाणी वाढवलं, तर तेच मीठ बाष्पीभवनाबरोबर पुन्हा वर येतं.

हे वाळवंटाचं दुखणं म्हणून सोडून देता येत नाही. शिरोळ, मिरज, वाळवा भागात कृष्णेचं मुबलक पाणी उसाला देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्यानं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना घनमापनानं पाणी मोजून देण्याची सोय केली. दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पात शेतकऱ्यांनी सगळ्या लाभक्षेत्राचा कारभार हाती घेऊन दाखवला. अशा संस्थांच्या वहीत घनमीटरशेजारी ईसीचाही रकाना हवा, असं मला कळकळीनं वाटतं. निचऱ्याचं कामही संस्थेनंच अंगावर घ्यावं. एकट्या शेतकऱ्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, तरी पुढे सामायिक चर नसेल तर ते पाणी शेजाऱ्याच्या रानात उतरतं.