संगणकाचें अपडेट बसलें कीं नाहीं, हें कसें ओळखावें

लावणीच्या दिवसांत रोपांच्या मुठी बांधावर येऊन पडल्या, म्हणजे लावणी झाली असें मुळशींतील कोणी शेतकरी म्हणत नाहीं. खाचरांत रोप उभें राहिलें म्हणजेच ती लावणी. संगणकाच्या बाबतींत मात्र हा साधा विवेक सुटतो, आणि "अपडेट आलें होतें" एवढ्या उत्तरावर पुष्कळ कचेऱ्यांतून समाधान मानलें जातें. आलेलें, बसविलेलें आणि अमलांत आलेलें या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत.

मारुंजीच्या शेजारींच हिंजवडीचें राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. तेथील यंत्रांची निगा राखण्यास पगारी माणसें असतात. गांवच्या सोसायटीच्या टेबलावरील यंत्रास सचिवाखेरीज वाली नसतो. २९ जून २०२२ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. योजनेचा हिशेबी कार्यक्रम दूरच्या यंत्रावर चालतो व त्याची दुरुस्ती तिकडेच होते. परंतु ज्या यंत्रावरून सचिव पीककर्जाच्या नोंदी करतो, त्याच्या विंडोजची जबाबदारी आपलीच राहते.

या हयगयीचें मोल २०१७ सालीं जगानें मोजलें. विंडोजमधील एका दोषावरचें अपडेट मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजीं दिलें होतें. १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रव त्याच दोषांतून शिरला व सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रांत पसरला. त्यानें कागदपत्रें कुलूपबंद करून खंडणी मागितली. औषध जवळजवळ दोन महिने बांधावर पडून होतें! पुढें २७ जून रोजीं दुसरा असाच उपद्रव उठला, तेव्हां न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम थांबलें. या दुसऱ्या उपद्रवाची रीत अधिक वाईट होती. एका कच्च्या यंत्रांतून शिरून तो तेथील परवलीचे शब्द चोरी व त्यांच्या बळावर शेजारच्या दुरुस्त यंत्रांतहि जाई. म्हणून कचेरींत चार यंत्रें असतील तर चारहि तपासावीं.

आतां तपासण्याची रीत. सेटिंग्ज उघडून विंडोज अपडेट या सदरांत जावें व तेथें 'अपडेट हिस्टरी' पाहावी. 'क्वालिटी अपडेट' या मथळ्याखालीं प्रत्येक अपडेटचा केबी या अक्षरांनीं आरंभ होणारा क्रमांक व बसविल्याची तारीख असते. 'फेल्ड' असा शेरा असेल तर तें बसलेलें नाहीं. त्याच पानावर 'डेफिनिशन अपडेट' अशीहि एक यादी असते व तींत बहुधा कालपरवांची तारीख दिसते. तिनें फसूं नये. ती केवळ विषाणूंची ओळखयादी आहे, तिनें भिंतीचें भगदाड बुजत नाहीं.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो यंत्र पुन्हा सुरू करण्यापाशीं. आम्हीं पाहिलेल्या एका कचेरींतील सचिव रोज सायंकाळीं यंत्र नेमानें बंद करीत, आणि तरीहि पडद्यावर 'रिस्टार्ट' बाकी असल्याची सूचना कित्येक आठवडे तशीच होती. ते चुकत होते असें नव्हे. 'शट डाऊन' म्हणजे पूर्ण बंद, ही त्यांची समजूत कोणाचीहि झाली असती. परंतु 'फास्ट स्टार्टअप' चालू असतां साध्या शट डाऊननें यंत्राचा गाभा झोपतो व सकाळीं तोच जुना गाभा जागा होतो. अपडेटला 'रिस्टार्ट' हाच हुकूम द्यावा लागतो. तें चाललें असतां मुख्य बटण बंद करूं नये. ज्या गांवीं वीज वारंवार जाते तेथें आधीं इन्व्हर्टरची खात्री करावी.

क्रमांकासंबंधीं एक शंका नेहमी विचारली जाते. वॉनाक्रायवरील विंडोज ७ चें एक अपडेट केबी ४०१२२१२ या क्रमांकाचें होतें. तो यादींत नसल्यास यंत्र कच्चेंच समजावें काय? तसें नाहीं. खतावणींत मागील बाकी पुढच्या पानावर ओढतात, तसें नंतरच्या मासिक अपडेटांत आधींची दुरुस्ती ओढून घेतलेली असते. विंडोज १० व ११ मध्यें तर हीच सामान्य पद्धति आहे. जुना क्रमांक शोधीत बसण्यापेक्षां बिल्ड-अंक पाहावा. खिडकीचें चिन्ह असलेली कळ व आर ही कळ एकदम दाबून डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर हीं सहा रोमन अक्षरें टंकावीं व एंटर दाबावें. जो अंक दिसतो त्यांतील बिंदूच्या अलीकडचा भाग आवृत्ति दर्शवितो (विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीचा २६१००), व पलीकडचा भाग अपडेटागणिक वाढतो. कोणत्या अपडेटनें कोणता अंक यावा याची यादी मायक्रोसॉफ्ट प्रसिद्ध करते. तिच्याशीं ताडा पाहावा. नेहमींचें सुरक्षा-अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं, अमेरिकेच्या वेळेप्रमाणें, निघतें. म्हणून त्या आठवड्याचा शनिवार तपासणीस सोयीचा. तारीख, केबी क्रमांक व बिल्ड-अंक वहींत लिहून खालीं सही करावी.

अपडेटनेंच यंत्र बिघडतें, असें म्हणणारे कांहीं सभासद आहेत. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अपडेटनें सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें बंद पडलीं, व आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. त्यावर उपाय म्हणजे आधीं हिशेबाची प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती यंत्रापासून अलग ठेवणें. अपडेटच न घेणें हा उपाय आम्हांस पटत नाहीं. बिघाड झालाच, तर काय बसविल्यानंतर तो झाला, हें वरील वहीवरून सांपडतें.

शेवटीं विंडोज १० संबंधीं. त्याचा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती यंत्रांस नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवण्यांत आली. संस्थांच्या यंत्रांसाठीं सशुल्क व्यवस्था निराळी. ज्या यंत्रास अशी कोणतीच सोय घेतलेली नाहीं, त्यावरील डेफिनिशन अपडेट येतच राहतील, परंतु क्वालिटी अपडेटची यादी २०२५ च्या अखेरीपाशीं थांबलेली दिसेल. तशी ती दिसल्यास यंत्र बदलण्याचा विषय पंचकमिटीच्या पुढील सभेंत मांडावा.