फाइल-व्यवस्थापकाविषयीची तक्रार

प्रश्न : लिनक्सवरील ‘फाइल्स’मध्ये आद्याक्षरे टंकली की पूर्वी निवड थेट त्या नावाच्या फाइलीवर जात असे; आता भलताच शोध सुरू होतो. आमच्या तक्रारीची दखल कोणी घेते काय?

उत्तर : घेतात, परंतु सावकाश. मूळचे नॉटिलस नाव असलेल्या या आज्ञावलीत २००४ साली, ती ज्या डेस्कटॉपचा भाग आहे त्या ग्नोमच्या २.६ आवृत्तीपासून, प्रत्येक फोल्डर स्वतंत्र खिडकीत उघडू लागला आणि चार पायऱ्या खाली उतरणाऱ्याच्या पडद्यावर खिडक्यांची रास पडू लागली, तेव्हा वापरणाऱ्यांनी पुष्कळ कुरकुर केली. तरीही तो शिरस्ता बदलण्यास २०१० उजाडावे लागले. आपण म्हणता तो फेरफार २०१२ मधील ३.६ आवृत्तीतला, त्याच वेळी एफ-३ दाबताच खिडकीचे दोन भाग करणारी सोयही बरखास्त झाली. लिनक्स मिंटच्या मंडळींनी मग ‘नेमो’ नावाची वेगळी चूल मांडली. तिथे ती सोय शाबूत आहे.

तक्रार लिहिताना ‘जुने तेच बरे’ हा सूर (मला व्यक्तिशः तो प्रिय आहे) कर्त्यांच्या उपयोगाचा नसतो. कोणत्या फोल्डरात असताना कोणती अक्षरे टंकली, काय घडावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय घडले आणि आवृत्ती कोणती, एवढा तपशील, तोही एका अर्जात एकाच विषयाचा, त्यांस पुरतो. तूर्त पसंतीच्या पटलात जाऊन उपफोल्डरांतील शोध बंद करावा. निदान शोधाचा पसारा समोरच्या फोल्डरापुरता आवरेल.